मामांचा पेन्टॅक्स : शटर आणि मीटर तपासणीच्या नोंदी

३ नोव्हेंबर २०२४, भाऊबीज

मामा आज ओवाळून घ्यायला आले ते कॅमेऱ्याची चामडी पेटी काखेत मारूनच. पेन्टॅक्स के१०००, फिल्मचा कॅमेरा, ५० मिमीची एफ २ लेन्स. १९८४ साली त्यांनी तो सेकंडहँड घेतला आणि पुढची वीस वर्षं सोलापूरच्या सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा याच कॅमेऱ्यावर टिपली. आता मोतीबिंदूमुळे त्यांना व्ह्यूफाइंडरमधली, उजेड मोजणाऱ्या मीटरची सुई दिसत नाही. आईच्या हातचा लाडू खात म्हणाले, "तू फिजिक्स शिकवतीस की. बघ चालतोय का. चालला तर अक्षतेला घेऊन जाऊ."

अक्षता सोहळा, म्हणजे यात्रेतलं सिद्धेश्वराचं प्रतीकात्मक लग्न, १३ जानेवारीला. म्हणजे हातात ७१ दिवस.

रात्री टेबलावर घेऊन पाहिला. बॅटरीच्या खणात गंज नाही. शटरच्या दोन्ही कापडी पडद्यांना भोक नाही. मागच्या झाकणाच्या खाचेतला काळा फोम डांबरासारखा चिकट झालाय. सगळे वेग चालतात, कारण या कॅमेऱ्याचं शटर पूर्ण यांत्रिक आहे आणि बॅटरी फक्त मीटरच्या सुईला लागते. पण एक सेकंदाला लावून बटण दाबलं की आतली घरघर लांबते आणि शेवटी अडखळल्यासारखी होते. तो सेकंद एक सेकंदाचा नाही, हे कानालाच कळतं. किती जास्त आहे ते मोजायचं.

५ नोव्हेंबर

फोम खरवडून काढला. टूथपिक, स्पिरिट, कापूस, दीड तास. पडद्यावर एकही कण पडू द्यायचा नाही म्हणून कॅमेरा पालथा धरून काम केलं. नवा फोम मागवण्याऐवजी शेजारच्या काकांच्या चादरीच्या कारखान्यातून काळ्या सुताचा हातभर दोरा आणला आणि खाचेत बसवला. जुने दुरुस्तीवाले लोकरीचा धागा घालायचेच, सूतही तेवढंच काम करतं. सोलापुरात सुताला तोटा नाही.

१० नोव्हेंबर

मोजणीचा पहिला प्रयत्न, मोबाइलवर. झाकण उघडं ठेवून समोर पांढरा कागद आणि दिवसाचा उजेड, मागून फोनचं स्लो मोशन, सेकंदाला २४० चित्रं. मग एकेक चित्र पुढं सरकवत पडदा उघडा दिसतो ती चित्रं मोजायची. कंटाळवाणं काम आहे, पण आकडा खरा मिळतो.

एक सेकंदाला २४० यायला हवीत, आली ३१४. म्हणजे १.३१ सेकंद. अर्ध्या सेकंदाला १२० ऐवजी १५१. पाव सेकंदाला ६० ऐवजी ७०. १/८ ला ३० ऐवजी ३३ किंवा ३४. १/१५ ला १६ ऐवजी १७. १/३० ला ८, म्हणजे बरोबर.

वेग जितका मंद, तितकी चूक मोठी. याचं कारण यंत्रात आहे. मंद वेगांसाठी आत घड्याळासारखी दात्यांची छोटी साखळी असते, ती दुसऱ्या पडद्याला थोपवून धरते. तिथलं तेल चाळीस वर्षांत घट्ट होतं. जितका वेळ थोपवायचं तितका त्या घट्ट तेलाचा परिणाम जास्त. वेगवान शटरला या साखळीचं काम पडत नाही, म्हणून १/३० च्या पुढं चूक नाहीशी झाल्यासारखी दिसते. पण १/६० ला चारच चित्रं मिळतात, त्यापुढं फोनचा उपयोग नाही. खरी गोष्ट तर तिथंच आहे.

एक टीप. चूक 'किती टक्के' यापेक्षा 'किती स्टॉप' अशी लिहिली की कामाला येते. उजेड दुप्पट झाला की एक स्टॉप. १.३१ पट म्हणजे ०.३९ स्टॉप. ब्लॅक अँड व्हाइट फिल्म एवढं पोटात घालते. म्हणून मंद वेगांची मला काळजी नाही, त्यांची चूक एका दिशेची आहे.

१७ नोव्हेंबर

नवी पेठेतून १५ रुपयांना एक, असे दोन फोटोट्रान्झिस्टर (उजेड पडला की वीज जाऊ देणारे) आणले. हेडफोनची पिन, दोन वायरी, काळा कार्डशीट. दोन्ही ट्रान्झिस्टर समांतर जोडले, कार्डशीटला बरोबर ३० मिमी अंतरावर १ मिमीची दोन भोकं पाडली आणि तो कागद फिल्मच्या जागी चिकटवला. लेन्स काढून समोर टॉर्च. पिन लॅपटॉपच्या माइकच्या खाचेत. ऑडॅसिटी या आवाज रेकॉर्ड करायच्या प्रोग्रॅममध्ये रेकॉर्ड लावायचं आणि बटण दाबायचं. उजेड पडला की आवाजाच्या पट्टीवर टेकडी उठते. सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जातात, म्हणजे एक मिलिसेकंदात ४४. एवढी बारीक पट्टी मला पुरून उरते.

दोन अडचणी आल्या, पुढं कुणी करणार असेल तर लिहून ठेवते.

पहिली, टॉर्च. घरातली चार्जिंगची एलईडी टॉर्च मंद केल्यावर सतत लुकलुकते, डोळ्याला दिसत नाही पण पट्टीवर करवतीसारखे दात येतात. सेलवर चालणारी साधी बल्बची टॉर्च लावली, दात गेले.

दुसरी, भोकाचा आकार. १/१००० ला दोन पडद्यांमधली फट सुमारे ३ मिमी असते. ती १ मिमीच्या भोकावरून जाताना पहिला किरण दिसल्यापासून शेवटचा जाईपर्यंत फट आणि भोक दोन्हींची रुंदी मोजली जाते, म्हणजे आकडा एक तृतीयांशाने फुगतो. म्हणून टेकडीच्या पायथ्याशी मोजायचं नाही, अर्ध्या उंचीवर मोजायचं. हे लक्षात यायला मला एक संध्याकाळ लागली, आणि तोपर्यंत सगळेच वेग मंद वाटत होते.

१८ नोव्हेंबर

आकडे आले. १/६० ला १६.२ मिलिसेकंद, १/१२५ ला ८.३, १/२५० ला ४.४. इथपर्यंत ठीक. १/५०० ला २ हवेत, आले सरासरी २.६.

आणि १/१००० ला दोन टेकड्या आल्या त्या दोन वेगळ्या कॅमेऱ्यांच्या वाटाव्यात अशा. पहिल्या भोकावर १.६ मिलिसेकंद, दुसऱ्यावर ०.५. एका कडेला ०.७ स्टॉप जास्त, दुसऱ्या कडेला पूर्ण एक स्टॉप कमी. एकाच फोटोत पावणेदोन स्टॉपचा फरक. दहा वेळा घेतलं, दहाही वेळा तेच.

कारण त्याच पट्टीवर लिहिलेलं आहे. दोन टेकड्यांच्या चढांमधलं अंतर म्हणजे पहिल्या पडद्याला ३० मिमी जायला लागलेला वेळ : १०.४ मिलिसेकंद. उतारांमधलं अंतर म्हणजे दुसऱ्या पडद्याचा वेळ : ९.३. दुसरा पडदा पहिल्यापेक्षा जोरात धावतो आणि वाटेत त्याला गाठत आणतो, म्हणून फट अरुंद होत जाते.

वर्गात मुलांना मी नेहमी सांगायचे की शटर स्पीड म्हणजे शटर किती वेळ उघडं राहतं. या जातीच्या शटरबाबत ते अर्धवट आहे. १/६० पर्यंत पूर्ण चौकट एकदम उघडी असते, म्हणूनच फ्लॅश १/६० ला किंवा त्याहून मंद वेगाला लावतात. त्यापुढं पडदे जास्त जोरात धावत नाहीत. त्यांचा वेग तोच राहतो, दोघांमधली फट तेवढी अरुंद होते. १/१००० ला पूर्ण चौकट एका क्षणी कधीच उघडी नसते. तीन मिलिमीटरची फट फिल्मवरून झाडू फिरवल्यासारखी जाते, आणि एका कडेचा फोटो दुसऱ्या कडेच्या फोटोपेक्षा दहा-बारा मिलिसेकंदांनी जुना असतो.

२४ नोव्हेंबर

मामांकडे जाऊन आकडे वाचून दाखवले. त्यांना नवल वाटलं नाही. म्हणाले, "आम्ही टीव्हीवर बघायचो." जुन्या काचेच्या टीव्हीसमोर कॅमेरा धरायचा, मागचं झाकण उघडायचं, १/१००० ला लावून आरपार बघत बटण दाबायचं. पडद्यावर तिरका पट्टा दिसतो. पट्टा सगळीकडे सारखा रुंद, तर शटर ठीक. एका टोकाला बारीक, तर पडदे जुळत नाहीत.

घरी येऊन हिशेब केला. आपल्याकडचा टीव्ही ६२५ ओळींचा, सेकंदाला २५ पूर्ण चित्रं, म्हणजे सेकंदाला १५,६२५ ओळी. १/१००० सेकंदात पंधरा-सोळा ओळी उजळायच्या, १/५०० मध्ये एकतीस. घराघरात असलेलं मोजमापाचं यंत्र होतं ते, आणि मामांच्या पिढीने ते वापरलं. आमच्या माळ्यावरचा टीव्ही चार वर्षांपूर्वी भंगारात गेला. आज फार वाईट वाटलं.

मामांनी त्यांची वहीही दिली. लाल कापडी पुठ्ठ्याची, प्रत्येक रोलच्या नोंदी. त्याबद्दल वेगळं लिहीन.

३० नोव्हेंबर

मधला मारुतीच्या पुढं गल्लीत घड्याळं दुरुस्त करणारे एक अण्णा आहेत, मामांच्याच वयाचे. त्यांनी पूर्वी कॅमेरेही उघडलेत. मी ऑडॅसिटीच्या चित्रांचा कागद समोर ठेवला. भिंगातून त्यांनी कागदाऐवजी कॅमेऱ्याकडेच बघितलं, एक सेकंदाला लावून चारदा वाजवला आणि म्हणाले, "तेल आटलंय. पडद्याची स्प्रिंग बी सैल पडलीय बघा, पैल्याची. आठ दिस ठेवा."

मी सांगायच्या आधी त्यांनी पहिलाच पडदा म्हटलं.

८ डिसेंबर

कॅमेरा परत आला. अण्णांनी मंद वेगांची साखळी लायटरच्या पेट्रोलने धुऊन घड्याळाचं तेल टाचणीच्या टोकाने लावलं, आणि तळाची पट्टी उघडून पहिल्या पडद्याचा ताण थोडा वाढवला. "जास्त पिळलं तर पडदा फाटतो, म्हणून थोडक्यात सोडलं." त्यांचा हा निर्णय मला पटला. पैसे घ्यायला तयार नव्हते, मामांचं नाव ऐकल्यावर तर नाहीच. शेवटी शेंगाचटणीचा डबा दिला.

नवे आकडे. एक सेकंद : २५० चित्रं, १.०४. पाव सेकंद अचूक. १/१२५ ला ८.२ मिलिसेकंद. १/२५० ला ४.३, म्हणजे खरा १/२३०. १/५०० ला एका कडेला २.३, दुसऱ्या कडेला २.१. १/१००० ला १.३ आणि १.०. पडदे आता ९.६ आणि ९.३ मिलिसेकंदात धावतात.

१/१००० मी वापरणार नाही. बाकी सगळ्यांवर भरवसा ठेवायचा. खरे वेग पांढऱ्या पट्टीवर लिहून पट्टी कॅमेऱ्याच्या तळाला चिकटवली.

१५ डिसेंबर

आता मीटर.

के१००० ला मीटरचं बटण नाही. लेन्सवर टोपी नसेल तर मीटर चालूच, म्हणून काम झालं की टोपी लावायची, नाहीतर बॅटरी संपते. नवी बॅटरी एलआर ४४ ऐवजी एसआर ४४ घेतली. आकार तोच, पण एलआर हळूहळू मंदावत जाते आणि सुईला चुकीचं सांगत राहते. एसआर शेवटपर्यंत १.५५ व्होल्टवर टिकते आणि मग एकदम मान टाकते. मोजणाऱ्या वस्तूला असाच सेल हवा.

दुपारी बारा वाजता गच्चीवर. आकाशात ढग नाही, डिसेंबरचं सोलापूर. करडं कार्ड उन्हात ठेवलं. भर उन्हाचा जुना नियम असा : अ‍ॅपर्चर (लेन्समधलं भोक, आकडा मोठा तितकं लहान) एफ १६ ठेवायचं आणि शटरचा आकडा फिल्मच्या आयएसओच्या, म्हणजे उजेडाच्या संवेदनशीलतेच्या आकड्याच्या, जवळ. आयएसओची चकती ४०० वर, शटर १/५००, एफ १६, सुई मधोमध यायला हवी. ती वर गेली. साधारण दोन तृतीयांश स्टॉप. मीटरला उजेड आहे त्याहून जास्त दिसतोय, म्हणजे त्याचं ऐकलं तर फिल्मला कमी उजेड मिळेल. घरात सावलीत, फोनवरच्या मीटरशी ताडून बघितलं, तिथंही तेवढाच फरक. चूक सगळीकडे सारखी असेल तर ती चूक राहत नाही. ४०० ची फिल्म असेल तेव्हा चकती २५० वर ठेवायची, १२५ च्या फिल्मला ८० वर. दोन घरं खाली. झालं.

आणखी एक गोष्ट दिसली. डोळा व्ह्यूफाइंडरपासून बोटभर दूर धरला की सुई वर सरकते. मागून शिरणारा उजेडही मीटरला लागतो. चष्मेवाल्यांनी डोक्यामागे सूर्य असताना हाताचा आडोसा करायचा. मी चष्मेवाली आहे.

२२ डिसेंबर

अक्षतेच्या आधी एक रोल काकांच्या कारखान्यात, सरावाचा. एचपी५ प्लस फिल्म, आयएसओ ४००. जेकार्डचे चार माग, चादरीचे. मोराचं डिझाइन चाललं होतं. धाड धाड आवाजात एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही, कामगार ओठांवरून समजून घेतात.

बाहेरच्या उन्हातून आत शिरल्या शिरल्या मीटर बघितलं तर सुई म्हणते १/१२५, एफ २. पटेना. मिनिटभर थांबले, सुई हळूहळू खाली आली आणि १/६० ला स्थिरावली. या मीटरमधल्या कॅडमियम सल्फाइडच्या घटकाला तीव्र उजेडाचा विसर पडायला वेळ लागतो. आपल्या डोळ्यांसारखंच. उन्हातून आत आलं की कॅमेऱ्यालाही बसू द्यायचं, मग विचारायचं.

धोटा, म्हणजे आडवा धागा घेऊन मागावर इकडून तिकडे पळणारा तुकडा, फोटोत थिजवायचा हा माझा हट्ट होता. मिनिटाला १०४ फेरे मोजले, म्हणजे एका फेरीला ०.५८ सेकंद. त्यातला साधारण तिसरा भाग धोटा हवेत असतो आणि दीड-पावणेदोन मीटर जातो. म्हणजे अंदाजे सेकंदाला ८ मीटर. १/६० मध्ये तो तेरा सेंटीमीटर सरकणार. १/५०० मध्येही दीड सेंटीमीटर, आणि त्यासाठी लागणारा उजेड या कारखान्यात तीन स्टॉपनी कमी आहे. थिजणार नाही. मग १/६० ला एक फोटो घेऊन धोटा सोडून दिला आणि धोट्यातली सुताची कांडी बदलणारा हात घेतला. तिथं एक क्षण माग थांबतो आणि हात स्थिर असतो. तो १/६० ला मिळतो. १/५०० ला एकच फोटो मुद्दाम घेतला, ट्यूबलाइट आणि भिंत.

२५ डिसेंबर

आज पाण्याची पाळी, म्हणून रोल आज धुतला. डी-७६ डेव्हलपर, २० अंशांवर साडेसात मिनिटं. नळाचं पाणी २४ अंश होतं, बाटली बर्फाच्या पातेल्यात ठेवून खाली आणलं.

कांडीचा हात छान आलाय. नखात अडकलेला धागा दिसतो.

भिंतीच्या १/५०० च्या फोटोत मात्र शटर आणि वीज दोघांचं चित्र उमटलं आहे. भिंतीवर उभा काळपट पट्टा, मग उजळ, मग पुन्हा काळपटाची सुरुवात. चोकवाली जुनी ट्यूब सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होते, दर दहा मिलिसेकंदांनी. आपली फट चौकट पार करायला सुमारे बारा घेते. तेवढ्यात ट्यूबचा एक फेरा पूर्ण होऊन दुसरा सुरू होतो, आणि फट जिथं असेल तिथं तो उजेड छापला जातो. १/६० ला प्रत्येक जागेला एकाहून जास्त फेरे मिळतात म्हणून पट्टा दिसत नाही. धोट्याच्या फोटोतही हेच आहे : धूसर रेघ सलग नाही, दाट, विरळ, पुन्हा दाट. ट्यूबच्या उजेडात १/६० च्या वर जायचं नाही, असं वहीत मामांनी नुसतं लिहिलंय. कारण आज सापडलं.

२९ डिसेंबर

मामांच्या वहीबद्दल.

१९८७ च्या यात्रेची नोंद अशी आहे : 'ओर्वो एनपी २२. सम्मती कट्टा, ऊन. एफ ८, १/२५०. सुई ११ च्या पुढे म्हणते. ऐकायचे नाही.'

सम्मती कट्टा म्हणजे अक्षता सोहळा होतो ती जागा. ओर्वो पूर्व जर्मनीची फिल्म, त्या काळी आपल्याकडे सगळीकडे मिळायची. नावातले २२ म्हणजे तिची संवेदनशीलता, जर्मन मापात २२ डिन, आजच्या भाषेत आयएसओ १२५. आज मिळणारी एफपी४ प्लस फिल्म नेमकी १२५ चीच आहे. मामांचा आकडा सदतीस वर्षांनी जसाच्या तसा लागू पडतो. म्हणून अक्षतेला ४०० ची फिल्म न्यायची नाही. ४०० ला १/२५० ठेवलं तर अ‍ॅपर्चर एफ ११ आणि १६ च्या मध्ये न्यावं लागेल, तिथं चित्र मऊ पडायला लागतं.

पण 'ऐकायचे नाही' हे मला नीट समजून घ्यायचं होतं. मामांना गच्चीवर बोलावलं. त्यांनी आपली पांढरी बाराबंदी, यात्रेत घालायचा अंगरखा, आणली, धुऊन इस्त्री केलेली. ती दोरीवर टांगून मीटर लावलं. मीटरला पांढरं, काळं काही कळत नाही. समोर जे असेल ते करडं आहे असं धरून ते हिशेब करतं. करडं कार्ड उजेडाचा १८ टक्के भाग परत फेकतं, धुतलेलं पांढरं कापड ८० च्या वर. त्या दोन्हींत दोन स्टॉपहून जास्त अंतर आहे. कापड बघून सुई म्हणते उजेड फार, बंद करा. तसं केलं की बाराबंदी करडी येते.

मी म्हटलं, मामा, करडी बाराबंदी छापताना पांढरी करता येईल की.

"बाराबंदी कुणाला बघायचीय गं? चेहरा बघायचाय."

तोपर्यंत हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. नंदीध्वज, म्हणजे यात्रेतली मानाची उंच काठी, पेलणारा माणूस उन्हात दोन तास चाललेला असतो, रापलेला, डोक्याला पांढरा फेटा आणि फेट्याची सावली डोळ्यांवर. चौकटीत नव्वद टक्के पांढरं. सुईचं ऐकून दोन स्टॉप कमी दिले तर कापड छापताना सावरता येतं, पण डोळ्यांच्या जागी निगेटिव्हवर काहीच नसतं. कोरी फिल्म. जे फिल्मवर नाही ते छापणार कुठून? मामांच्या सगळ्या नोंदी त्या डोळ्यांसाठी आहेत. कापडासाठी त्यांनी एकही आकडा लिहिलेला नाही.

त्यांची पद्धत : आपला तळहात त्याच उन्हात धरायचा, चौकट भरून त्याच्यावर मीटर लावायचं आणि एक स्टॉप उघडायचं. माणूस काळा असो गोरा असो, तळहात साधारण सारखेच, करड्या कार्डापेक्षा एक स्टॉप उजळ. कार्ड घरी विसरतं, तळहात विसरत नाही. मी पडताळलं : तळहातावर एफ १६, एक उघडून एफ ११. कार्डावरही एफ ११. फेट्याखालच्या डोळ्यांसाठी आणखी एक, म्हणजे एफ ८. वहीतला आकडा.

५ जानेवारी

दोन रोल आले. कॅमेरा रोज अर्धा तास रिकामा चालवते, हाताला सवय होण्यासाठी. चकती ८० वर चिकटपट्टीने बांधली.

१३ जानेवारी २०२५, भोगी

सकाळी बाळीवेसला हिरेहब्बू वाड्यापाशी. गल्लीत अर्धं ऊन, अर्धी सावली. सावलीत १/१२५, एफ ५.६, उन्हात आले की तळहाताचा आकडा. मानाच्या सातही काठ्या निघाल्या. 'एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र' म्हटलं की पुढचं ऐकू येत नाही. पहिला रोल मिरवणुकीतच संपला.

मामा सोबत होते. गर्दीत माझा खांदा धरून चालत होते. सम्मती कट्ट्यापाशी आम्हाला एका ओट्यावर जागा मिळाली. चारी बाजूंना पांढरं, तळ्यावर ऊन. सुई पार वर. मी बघितलं आणि सोडून दिलं. एफ ८, १/२५०.

१/५०० का नाही, हे मामांनी वाटेतच सांगितलं होतं. अक्षता पाच मीटरवर सेकंदाला चारेक मीटर वेगाने येतात. १/१००० ला दाणा जागच्या जागी थिजतो आणि छापल्यावर निगेटिव्हवर बसलेल्या धुळीसारखा दिसतो. १/१२५ ला पाऊस होतो. १/२५० ला प्रत्येक दाणा आपल्या लांबीच्या तिप्पट रेघ ओढतो आणि अक्षता अक्षतेसारखी दिसते.

सम्मतीचं वाचन सुरू झालं. तेवढ्यात उजेड उतरला. मी वर बघायच्या आत खांद्यावरची बोटं दाबली गेली. "ढग. एक उघड." त्यांना सुई दिसत नाही, चेहरे दिसत नाहीत, पण उजेड उतरलेला कातडीला कळला. एफ ५.६ केलं. अक्षता पडल्या. नऊ फोटो, दुसरा रोल संपला.

१८ जानेवारी

पाणी काल आलं, रोल आज धुतले. साडेआठ मिनिटं. टाकीचं झाकण उघडताना हात कापत होते.

मिरवणुकीत तीन फोटो गेले. सावलीतून उन्हात येताना मी आकडा बदलायला विसरले. एका ठिकाणी नकळत १/१००० लागलं होतं, तिथं एक कड थोडी दाट आहे, ठाऊक असेल तरच दिसेल एवढी. सुताच्या दोऱ्याने कुठेही उजेड शिरू दिलेला नाही.

अक्षतेच्या नऊपैकी सहावा. काठी पेललेला माणूस, फेट्याची सावली, सावलीत दोन्ही डोळे, डाव्या डोळ्यात पाणी की घाम कळत नाही. भोवती बारीक पांढऱ्या रेघा.

१९ जानेवारी

लॅपटॉपवर मोठा करून मामांना दाखवला. ते स्क्रीनच्या वीतभर जवळ आले, बराच वेळ डोळ्यांच्या जागी बोट ठेवून बघत राहिले. मग वही मागितली आणि माझ्यापुढं सरकवली.

"लिही."

लिहिलं : '१३ जानेवारी २०२५. एफपी४ प्लस. सम्मती कट्टा, ढग. एफ ५.६, १/२५०.'

"खरा किती म्हणाली होतीस?"

"१/२३०."

"मग तोच लिही."

खोडून १/२३० लिहिलं.